खिशाकडे जाणाऱ्या चुण्या

मी एक जुनी सळई आहे. मित्रांनो, माझी उमेदीची वर्षं दातांच्या डॉक्टरबाईंच्या ट्रेमध्ये गेली. मी पोलादाची, वीतभर लांब, टोकाशी जराशी वाकडी. मला पाहताच भलेभले तोंड मिटून घेत. माझी तक्रार एकच होती, जन्मभर दातच बघायचे का? खुर्चीतल्या माणसाचा मफलर, शर्टाची बाही समोर दिसे, पण त्यांच्या वाटेला जायची मला सोय नव्हती.

बाईंनी दवाखाना बंद केला तेव्हा माझ्या सोबतिणी भंगारात गेल्या. मला मात्र बाईंनी घरी आणलं, कारण त्यांना बोटभर उंचीचे पुतळे करायचा नाद लागला होता. दोन रंगांची पुट्टी एकत्र मळायची, पातळ लाटून पुतळ्याच्या अंगावर चढवायची आणि ती कडक होण्याआधी माझ्या टोकाने तिच्यात कापडाच्या चुण्या पाडायच्या. पहिल्या दिवशी मी कोरडीच गेले आणि अख्खी बाही मला चिकटून उपटून आली. तेव्हापासून बाई मला आधी पाण्यात बुडवतात. मला मात्र एक प्रश्न सतावायचा. चुणी नेमकी निघते कुठून?

उत्तर मिळालं ते बाईंच्या मोठ्या बहिणीमुळे. ताईंचे यजमान नुकतेच गेले होते आणि त्यांचा कोट कुणीतरी घाईने देऊन टाकला होता. फोटो होते, पण सगळे छाती काढून उभे राहिलेले. ताईंना पुतळ्यात यजमान रोजच्यासारखे हवे होते. बाईंनी जीव ओतून पुतळ्याचा कोट केला, वाऱ्यावर उडणारा, चुण्याच चुण्या असलेला. मी तर स्वतःवरच खूश होते.

ताईंनी चष्मा पुसून पाहिलं. "छान झालाय गं. पण हे ह्यांच्यासारखे वाटत नाहीत."

"चेहरा चुकला का?"

"चेहरा तोच आहे. कोट परका वाटतो."

मला फार वाईट वाटलं. पुट्टी अजून मऊ होती, पण थोडाच वेळ. मग तिचा दगड होणार होता.

"भावोजी कोट घालून कसे असायचे गं?" बाईंनी विचारलं.

"रस्त्यात दिसेल ते उचलायचे. खिळे, स्क्रू, किल्ल्या. डावा खिसा कायम फुगलेला. मी सांगून सांगून थकले."

बाई उठल्या. आपला कोट अंगात चढवून त्यांनी डाव्या खिशात बटाटे कोंबले आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. ताईंना हसू आवरेना. मी टेबलावरून टक लावून बघत होते. कापड खांद्यापासून खिशापर्यंत तिरकं ताणलं गेलं होतं. चुणी ओझ्याकडे जात होती. वाऱ्याचा काही संबंधच नव्हता.

बाईंनी उडता घेर खाली बसवला, खिशात पुट्टीची गोळी भरली आणि माझ्या टोकाने खांद्यापासून तिरक्या चुण्या ओढल्या. पुट्टी घट्ट होत चालली होती, तरी शेवटची चुणी उमटली.

ताईंनी पुतळा खालच्या ठोकळ्यासकट उचलला. मग त्याच्याकडे बघूनच म्हणाल्या, "अहो, तो खिसा रिकामा करा आधी." आणि रडू लागल्या.

मित्रांनो, आपल्या माणसांचे कपडे ती अंगावर घालून वावरत असतात तोवर नीट बघून ठेवा. आणि काम झालं की हत्यार पुसून ठेवत जा, नाहीतर ते निकामी होतं. त्या दिवशी बहिणींच्या गडबडीत मला पुसायचं राहून गेलं. त्या कोटाचा एक कण माझ्या मानेवर वाळून बसलाय. तेवढा मात्र राहू द्या.