भिंतीला सांग

आमच्या मुख्याध्यापिका बाईंना शाळेत भांडण चालत नाही. भांडणाचा आवाज तर मुळीच चालत नाही. मधल्या सुट्टीत दोन पोरं एकमेकांच्या अंगावर गेली की बाईंचं डोकं दुखायला लागतं, आणि बाईंचं डोकं दुखलं की आम्हा सगळ्यांचं दुखलंच पाहिजे. म्हणून त्यांनी एक तज्ज्ञ बोलावला.

तज्ज्ञाने आम्हा शिक्षकांना गोल बसवलं, मधे एक पिवळी उशी ठेवली आणि सांगितलं, ज्याच्या हातात उशी त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. शिवाय 'तू असं केलंस' म्हणायचं नाही, 'मला असं वाटलं' म्हणायचं. खरं सांगते, माणूस चुकीचं काही बोलत नव्हता. पोरांनीही ते चटकन उचललं. दुसऱ्याच दिवशी सहावीतला एक बहाद्दर उशी पोटाशी धरून शांतपणे म्हणाला, "मला असं वाटलं की तू गाढव आहेस."

मग संवाद समिती नेमायची वेळ आली. बाईंनी शिक्षकखोलीत सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यावर अन् माझ्या मोठ्या जावेवर आणून थांबवली.

"या दोघी! एका घरात राहतात, एका शाळेत शिकवतात. इतक्या वर्षांत एकदा तरी यांचा चढा आवाज ऐकलाय कुणी?"

कुणीच ऐकला नव्हता. ऐकणार कुठून? आम्ही बोलतच नव्हतो. बाई सोडून खोलीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि सगळे एकदम माना खाली घालून वह्या तपासायला लागले.

मी नकार देणार होते. पण जाऊ आधीच "हो, करू की" म्हणून मोकळी झाली. आता मी मागे सरले असते तर तीच शहाणी ठरली असती. मीही हो म्हटलं.

आमचं बोलणं बंद झालं तेव्हा आमच्या मुली रांगत होत्या. सासरे निवृत्त झाले म्हणून घरी पंगत होती, भाजी मी केली होती. पाहुणे पानावर बसलेले, आणि ही आली, झाकण काढलं, चव न घेता मूठभर मीठ माझ्या भाजीत टाकलं आणि निघून गेली. सगळ्यांदेखत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलले नाही आणि ती माझ्याशी.

पण घर एक म्हटल्यावर निरोप द्यावेच लागतात. ती वरच्या मजल्यावर, आम्ही खाली, मधे जिना. तेव्हा मी जिन्याच्या भिंतीला सांगायचे, "भिंती, पाण्याची मोटर बंद करायची राहिलीय म्हणावं." वरून उत्तर यायचं, "भिंती, बंद केलीय म्हणावं, डोळे असतील तर बघ म्हणावं." लेकी बोले सुने लागे हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, आमच्याकडे भिंती बोले आणि जावे लागे. शाळेत भिंतीचं काम कपाट करायचं. तिथे ती विज्ञान शिकवते आणि मी भाषा. "कपाटा, उद्या सहावीचा तास बदललाय." झालं काम. आणि माणुसकी सोडली होती असं कुणी म्हणू नये. ती महिनाभर आजारी होती तेव्हा रोज तिचा डबा मीच वर नेऊन ठेवत होते.

अशा आम्ही दोघी, शाळेला भांडण मिटवायला शिकवणार होतो.

ग्रंथालयाच्या कोपऱ्यात सतरंजी घातली, पिवळी उशी ठेवली, भिंतीवर 'संवाद' असं मोठ्या अक्षरांत लिहून लावलं. भांडलेली पोरं तिथे यायची. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला जाऊ. मी म्हणायचे, "कपाटा, आधी याचं ऐकून घेऊ म्हणावं." ती म्हणायची, "कपाटा, माझी हरकत नाही म्हणावं." पोरं एकदा माझ्याकडे बघायची, एकदा तिच्याकडे, एकदा कपाटाकडे. उशीचं आणि वाक्यांचं त्यांच्या काय लक्षात राहिलं कोण जाणे, पण कपाटाचं बरोब्बर राहिलं.

शाळा शांत होत गेली. तक्रारपेटी रिकामी निघू लागली. मैदानावर धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही. पोरं फक्त एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. अर्धा वर्ग उरलेल्या अर्ध्या वर्गाला फळ्यामार्फत निरोप देत होता. बाई व्हरांड्यातून फिरायच्या आणि म्हणायच्या, "ऐका, ऐका, काय शांतता आहे!" वरच्या कार्यालयाला त्यांनी कळवलंसुद्धा की येऊन आमचा प्रयोग बघा.

हे चाललं होतं तोवर मला गंमत वाटत होती. मग ते माझ्या घरात आलं.

माझी चिमी आणि जावेची बबडी चौथीत, एका बाकावर. आयांचं पटत नसलं तरी या दोघींनी कधी एकमेकींना सोडलं नव्हतं. एकीला ठेच लागली की दुसरी रडायची. एके दिवशी चिमी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आई, बबडीला सांग माझी पट्टी परत दे."

"तोंड आहे ना तुला? तूच सांग."

"आमचं बोलणं बंद आहे."

"पट्टीसाठी? अगं लाज नाही वाटत? बहीण आहे ती तुझी!" मी चांगलीच ओरडले. चिमीने माझ्याकडे पाहिलं, जिन्यापाशी गेली आणि म्हणाली, "भिंती, आईला सांग, माझं तिच्याशीपण बोलणं बंद."

मला वाटलं, पोर आहे, भूक लागली की येईल. आली, पण "भिंती, जेवायला वाढ म्हणावं" असं म्हणून पाटावर बसली. वेणी घालताना मान सरळ ठेवायची, अवाक्षर नाही. झोपताना मला गोष्ट लागायची तिची, म्हणजे तिला माझी. तीही बंद. मी जवळ घेतलं तर अंग चोरायची. नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही तरी समजवा." तर हा शहाणा म्हणतो, "आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?" त्याच्याशीही बोलणं बंद करणार होते, पण मग घरात बोलायला फक्त भिंतच उरली असती. स्वयंपाकघरात उभी राहून मी रडले. माझी पोर माझ्याशी बोलत नव्हती, दुसरं काही मला सुचत नव्हतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात वरच्या कार्यालयातले पाहुणे आले.

बाईंनी सभागृहात नमुना भांडण ठेवलं होतं. दोन मुली स्टेजवर येणार, उशी घेणार, भांडण मिटवून दाखवणार. आणि मुली कोणत्या निवडाव्यात? "समितीच्या दोघींच्याच लेकी, किती गोड!" असं म्हणून बाईंनी चिमी आणि बबडीला समोरासमोर बसवलं. आम्ही दोघी शेजारी उभ्या.

बाई म्हणाल्या, "चिमी बाळ, उशी घे. तुला काय वाटलं ते सांग हं."

चिमीने उशी घेतली. बबडीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे तर नाहीच नाही. तोंड फिरवून स्टेजच्या भिंतीला म्हणाली, "भिंती, हिला सांग, मला हिच्याशी कधीच बोलायचं नाही. मोठी झाल्यावरपण नाही."

पाहुण्यांपैकी एकाने मान डोलावली आणि शेजारच्याला म्हणाला, "प्रतीकात्मक मांडणी आहे. उत्तम."

बबडीची हनुवटी थरथरत होती. मोठी झाल्यावरपण नाही! मी कपाट शोधलं नाही, भिंत शोधली नाही, सरळ जावेकडे वळले.

"ताई, त्या दिवशी माझ्या भाजीत मीठ का टाकलंत?"

जाऊ दचकली. मग पदर खोचला. "अळणी होती म्हणून टाकलं."

"चव घेतली होतीत?"

"चव कशाला घ्यायची? रंगावरून कळत होतं."

"रंगावरून मीठ कळतं? विज्ञान शिकवता ना तुम्ही?"

"आणि तू भाषा शिकवतेस ना? मग तेव्हा दातखीळ बसली होती? तेव्हाच बोलायचं!"

"पाहुण्यांसमोर? मला विचारायचं तरी होतंत!"

"विचारलं असतं तर टाकू दिलं असतंस?"

"नसतं दिलं!"

"मग!"

बाई मधे धावल्या. "उशी! उशी कुणाकडे आहे? मला-असं-वाटलं म्हणा, मला-असं-वाटलं!"

जावेने चिमीच्या हातातली उशी ओढून घेतली. "मला असं वाटलं," ती इतकी जोरात ओरडली की मागच्या रांगेतली पोरं उभी राहिली, "मला असं वाटलं की चिमूटभर मिठासाठी हिने मला टाकलं! मी महिनाभर आजारी पडले होते. ही रोज डबा आणायची, दाराबाहेर ठेवायची आणि भिंतीला सांगायची, जेवून घ्या म्हणावं. मी आत पडून रोज वाट बघायचे, आज तरी आत येईल. दार उघडंच असायचं गं!"

डब्याचा मला केवढा अभिमान होता.

"चिमूटभर नव्हतं," मी म्हटलं, "मूठभर होतं." आणि भर सभेत मला हुंदका फुटला. जावेला माझ्याआधीच फुटला होता.

तेवढ्यात कुणीतरी माझी ओढणी ओढली. खाली पाहिलं तर चिमी.

"आई, रडू नको ना. सगळे बघतायत."

भिंतीला नाही, मला म्हणाली. मी तिला उचललंच, एवढी घोडी झाली तरी.

समिती त्याच दिवशी बरखास्त झाली. बाईंनी आम्हा दोघींना खोलीत बोलावून अर्धा तास सुनावलं, की आमच्यासारख्या समंजस बायकांकडून ही अपेक्षा नव्हती, शाळेची शांतता आम्ही धुळीला मिळवली. ते मात्र खरं होतं. मैदानावर पुन्हा आरडाओरडा सुरू झाला, आणि आठवडाभरात तक्रारपेटीचं झाकण लागेना.

त्या संध्याकाळी मी भाजी टाकली होती. जाऊ जिना उतरून आली, ओट्यापाशी उभी राहिली, पळीने चव घेतली आणि मिठाच्या डब्याकडे बघितलं.

"टाकू?"

"विचारलंत ना? मग टाका. बेताने."

बाहेर पट्टीवरून मुलींची जुंपली होती. बबडी किंचाळत होती, चिमी तिच्या वरताण. जाऊ बाहेर जायला निघाली तशी मी तिचा हात धरून तिला थांबवलं.

"आई, हिला सांग ना!" चिमी बाहेरून ओरडली.

आम्ही दोघी एकदम ओरडलो, "तोंड आहे ना? तूच सांग!"