शेजारी दिलेलं पाणी

घरोघरी पाणी तपासत फिरणाऱ्या आरोग्यसेविका रूपाताईंनी ड्रमच्या तोंडावर बांधलेली जुनी ओढणी सोडली आणि टॉर्चचा उजेड पाण्यात टाकला. अळ्या वळवळत तळाकडे पळाल्या.

“भाभी, हे पाणी आजच मातीवर ओता. ड्रम आतून घासून उन्हात पालथा घाला.”

“ताई, नळ येऊन तीनच दिवस झालेत. अजून पाच दिवस काढायचेत,” नाजमीन म्हणाली.

“मग औषध टाकते थोडं.”

“घरात लहान पोरगी आहे. नको.” तिने ओढणी परत बांधायला घेतली. “आणि मला माहितीये हे सगळं. बी.एस्सी.ला डासाचं जीवनचक्र काढलंय मी. चार रंगांत.”

“चित्रातला डास चावत नाही, भाभी.”

रूपाताई हसल्या, वहीत काहीतरी लिहिलं आणि अमळनेरच्या त्या अरुंद गल्लीत पुढच्या दाराकडे वळल्या.

त्यानंतर पाचव्या दिवशी दुपारी कशिशला ताप भरला. एकशे तीन. चार वर्षांची पोर अंथरुणात इतकी लहान दिसत होती की नाजमीनने थर्मामीटर झटकून पुन्हा लावला. तोच आकडा. तिने कशिशच्या कपाळावर पट्टी ठेवली आणि मोरीकडे धावली. कुलरच्या टपातलं पाणी उपडं केलं, फ्रीजमागची ताटली ओतली, मग दोन्ही हातांनी ड्रम कलता करू लागली.

“का वं पोरी, पानी फेकी ऱ्हायनी?”

कमरेएवढ्या भिंतीपलीकडे झुंबरबाई उभ्या होत्या. मुलगा योगराज सुरतेला, घरात त्या एकट्याच. गल्ली त्यांना आक्का म्हणायची.

“अळ्या झाल्यात, आक्का. कशिशला ताप आलाय.”

“मंग काय झायं? मी काय पेनार शे का? मन्ही टाकीमा वत. भांडा घासाले व्हई.”

नळ कधी येईल याचा नेम नव्हता. मुख्य पाइप फुटल्याचं सकाळीच कळलं होतं. अशा वेळी गटारात पाणी सोडायचं म्हणजे नाजमीनचा हात धजेना. तिने बादलीमागून बादली भिंतीवरून दिली. पलीकडे आक्का ती आपल्या सिमेंटच्या टाकीत रिचवत राहिल्या. मग नाजमीनने विटेच्या तुकड्याने ड्रम खरवडून काढला, उन्हात पालथा घातला आणि आत येऊन दार लावून घेतलं. आता आपल्या घरात काही राहिलं नाही, असं तिला वाटलं. पाणी वाया गेलं नाही, याचंही बरं वाटलं.

आजाराच्या चौथ्या दिवशी ताप उतरला. नाजमीनने सुटकेचा श्वास घेतला, आणि दुपारपर्यंत कशिश उचलली तरी मान टाकू लागली. पोट धरून कण्हायची. हातपाय गार. तिच्या नवऱ्याने, मोईजने, गाद्यांचं दुकान भरल्या गिऱ्हाइकात बंद केलं. गावातल्या डॉक्टरांनी पोरीच्या पोटावर हात ठेवला आणि चिठ्ठी लिहितानाच म्हणाले, “धुळ्याला न्या. आत्ताच.”

धुळ्याच्या दवाखान्यात नाजमीन खाटेला खेटून बसली ती उठलीच नाही. दर थोड्या वेळाने कशिशचा ओठ खाली ओढून हिरड्यांतून रक्त येतंय का बघायची. सलाइनचा थेंब थांबला की तिचाही श्वास थांबायचा. डेंग्यू निघाला. प्लेटलेट अठ्ठावीस हजार. दुसऱ्या दिवशी एकोणीस.

एकोणीसचा तो कागद हातात असताना आक्कांचा फोन आला.

“पोरगी कशी शे वं?”

“तशीच आहे, आक्का.”

“व्हई बरी. काळजी नको करू. माले बी कालपासून कसकस वाटी ऱ्हायनं. डोयासना मांगे ठणकस.”

“गोळी घ्या, आक्का. ठेवते मी, डॉक्टर आलेत.”

डॉक्टर आलेले नव्हते. तिला फक्त तो कागद पुन्हा वाचायचा होता.

पुढच्या दिवशी सकाळी आकडा बेचाळीसवर चढला. कशिशने डोळे उघडून वॉर्डभर नजर फिरवली.

“अम्मी, बिस्किट.”

मोईज तोंड फिरवून खिडकीपाशी गेला. नाजमीनने पुडा फोडला आणि पहिलं बिस्किट तिच्या हातात दिलं.

शेजारच्या खाटेपाशी सिस्टर एका बाईला समजावत होती. “आधी अंग दुखतं, डोळ्यांच्या मागे ठणकतं. मग ताप उतरला की माणसं म्हणतात, बरं झालं. खरा धोका तेव्हाच असतो. घरी एकट्याला निजवून ठेवू नका.”

नाजमीनचा हात पुड्यावर तसाच राहिला.

तिने फोन लावला. रिंग वाजत वाजत बंद झाली. पुन्हा लावला. पुन्हा तसंच.

“कोणाला?” मोईजने मोसंबी सोलता सोलता विचारलं.

“आक्का उचलत नाहीत.”

“फोन पिठाच्या डब्यात ठेवून विसरली असेल. मागे दोन दिवसांनी तिथेच सापडला नव्हता का?”

“त्यांची टाकी त्या निजतात त्या खाटेला लागून आहे.”

“मग?”

“आपल्या ड्रमचं पाणी मी त्यांच्या टाकीत दिलं. अळ्यांसकट.”

मोईजचा अंगठा सालीत रुतून राहिला. “किती?”

“सगळं.”

त्याने मोसंबी खाली ठेवली. मग त्याने दुकानाशेजारच्या पंडितला फोन लावला. पंडित कापूस घेऊन चाळीसगावला गेला होता. योगराजचा मोबाइल बंद लागत होता. रूपाताईंचा नंबर नाजमीनने कधी घेतलाच नव्हता.

तिने गल्लीचा ग्रुप उघडला. ‘आक्का फोन उचलत नाहीत’ एवढं लिहिलं, थांबली, पुसून टाकलं. कशिशने तिच्या कुशीत पाय खुपसले. पाय गरम होते. तिने पुन्हा लिहिलं आणि या वेळी पाठवून दिलं.

‘मी नाजमीन. कशिश आता बरी आहे. झुंबर आक्कांना परवापासून डेंग्यूसारखं दुखतंय, आज त्या फोन उचलत नाहीत. त्यांच्या टाकीतलं पाणी माझ्या घरचं आहे, खराब आहे हे माहीत असून मी दिलं. मला काय म्हणायचं ते मी आल्यावर म्हणा. आत्ता हे जो कोणी वाचत असेल त्याने हातातलं काम सोडून त्यांच्या दारावर जावं. आतून “बरी शे” म्हणाल्या तरी परत फिरू नका. दार उघडायला लावा. जवळ बसा, हातपाय गार आहेत का बघा, आणि मला फोन करा.’