सिरिलची साबणाची वडी

मॅव्हिस सगळ्यांना सॉरी म्हणते. बसमध्ये कुणी तिच्या पायावर पाय दिला तरी सॉरी हीच म्हणणार. दाराला धडकली तर दाराला सॉरी. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या फ्लीटवुड गावात सगळेच थोडेफार असे आहेत, पण मॅव्हिसने कहर केलेला. तिचा नवरा सिरिल म्हणायचा, "ही स्वर्गाच्या दारातही सॉरी म्हणेल, आणि चुकून आली असं समजून ते हिला परत पाठवतील." पण आधी गेला तोच, जानेवारीत.

मार्चमध्ये एका सकाळी ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आमची घरं एकमेकांना चिकटून, मध्ये एकच भिंत. माझ्या स्वयंपाकघराच्या पलीकडे तिचं न्हाणीघर. कुणी खोकलं तरी कळतं.

"ग्लेनिस, तू वकिलाच्या कचेरीत होतीस ना? हे वाच. आणि रागावू नकोस, सॉरी."

कचेरीत मी टायपिस्ट होते. पण धमकीची पत्रं इतकी बडवली आहेत की आता त्यांचा लिफाफ्यावरूनच वास येतो. हे पत्र एका वसुली कंपनीचं होतं, आमच्या चौकातल्या मोठ्या दुकानाच्या वतीने पाठवलेलं. चोरीला गेलेला माल, सिक्युरिटीवाल्याचा वेळ, कागदपत्रांचा खर्च, असं सगळं मिळून एकशे सदतीस पौंड. मुदतीत भरा, नाहीतर दिवाणी कोर्टात खेचू. आणि खाली एक वाक्य: "आपण जागेवरच माफी मागून कृत्य कबूल केले आहे."

मी रागावलेच. "मॅव्हिस, हे काय आहे?"

"थंडी होती म्हणून सिरिलचा कोट घातला. इस्पितळातून पिशवीत घालून दिलेला, तेव्हापासून तसाच होता. पाव घेतला, दूध घेतलं, पैसे दिले. दारात सिक्युरिटीवाल्याने अडवलं. खिसे दाखवा म्हणाला. खिशातून दाढीचा साबण निघाला."

"मग?"

"मी सॉरी म्हटलं. त्याने साबण काढून घेतला, नाव-पत्ता लिहून घेतला. मी परत सॉरी म्हटलं. मग जा म्हणाला."

"तू उचलला होतास का?"

"तेच आठवत नाही गं. इतकी वर्षं दर शुक्रवारी त्याच फळीवरून त्याचा साबण घेत आले. तो गेलाय हे हाताला कुठे माहीत आहे? गेला असेल हात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि तो शोधतोय."

"कोण?"

"सिरिल. रोज सकाळी, दाढीच्या वेळेला. न्हाणीघरातलं कपाट उघडतं, मिटतं. आधी असं नव्हतं. साबण घेऊन गेले तेव्हापासून."

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. "वारा असेल. समुद्र काय लांब आहे?"

"वाऱ्याला दार परत लावायची शिस्त नसते, ग्लेनिस."

मी पत्रावर राग काढला, ते टेबलावर आपटलं.

"मी भरून टाकते," ती म्हणाली. "पेन्शन आलं की भरते. मग ते सोडतील, आणि तोही थांबेल."

"भरलेस की चोर ठरलीस! हा दंड नाही, कोर्टाचा हुकूम नाही. यांनी मागितलेत, एवढंच. मागायला काय, उद्या कुणीही तुझं घर मागेल. कर नाही त्याला डर कशाला?"

"पण कर आहे की नाही हेच मला ठाऊक नाही!" ती ओरडली. मॅव्हिसला ओरडताना मी प्रथमच ऐकलं. लगेच सॉरी म्हणाली.

मी पत्र पुन्हा वरपासून वाचलं. मधेच लिहिलं होतं: "दाढीच्या साबणाची एक वडी, वेष्टन काढून लपवलेली."

"मॅव्हिस, वडीला कागद नव्हता?"

"नसेल. त्या सिक्युरिटीवाल्याच्या मुठीत होती."

"चोर काय दुकानात उभा राहून साबण सोलत बसतो?"

ती ताडकन उठली. तिच्या घरात जिना चढताना मला दम लागला, तिला लागला नाही. वर गरम पाण्याच्या टाकीचं कपाट आहे. टॉवेलांच्या मागे सिरिलच्या साबणाच्या वड्या ओळीने मांडलेल्या होत्या, सगळ्या कागद काढलेल्या. आमच्या वयाचे लोक असंच करतात. उबेत साबण वाळवला की टणक होतो आणि दुप्पट टिकतो. मऊ साबण वापरणाऱ्यांना सिरिल उधळे म्हणायचा. ओळीत पुढची एक जागा रिकामी होती.

मॅव्हिस त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून उभी राहिली. "ॲम्ब्युलन्स दारात उभी आणि हा इथे खुडबुड करत होता. मी खेकसले त्याच्यावर, आता काय शोधतोस, चल की! त्याने काहीतरी खिशात टाकलं. म्हणाला, परत येताना गुळगुळीत दाढी करून येतो, ओळखणार नाहीस."

ती तिथेच जिन्यावर बसून रडली. मीही रडले. चोरी केली नाही याचा आनंद व्हायला हवा होता, पण तिथे आनंदाला जागाच नव्हती.

उत्तर माझ्या टेबलावर लिहिलं. तिचं पहिलंच वाक्य: "आपल्याला त्रास देत आहे, सॉरी." मी खोडलं. शेवटी पुन्हा सॉरी. तेही खोडलं. उरलं ते एवढं: "मी काहीही चोरलेले नाही. मी आपले काहीही देणे लागत नाही. त्या वेळी सॉरी म्हटले ते सवयीने, ती कबुली नव्हे. वडीला वेष्टन नव्हते, कारण ती माझ्या नवऱ्याने घरी वाळवलेली होती. ती परत करा."

"फार उद्धट वाटतं गं."

"वाटू दे."

मधल्या दिवसांत तिने न्हाणीघरात ओळीतली दुसरी वडी काढून ठेवली. सिरिलने तिला हात लावला नाही. "त्याला तीच हवी आहे," ती म्हणाली. "ती घेऊन घरी यायचं होतं त्याला." मी तिला वेडी म्हटलं नाही, पण मनात आलं होतं.

ईस्टरच्या आधी एक छोटं पार्सल आलं. ते फोडायला ती माझ्याकडेच आली. हातमोजे आणि घराची किल्ली टेबलावर ठेवली. आत दोन ओळींचं पत्र होतं. प्रकरण बंद केले आहे. संबंधित वस्तू नष्ट करण्यात आली आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल सॉरी. सोबत चकचकीत कागदातली नवीकोरी वडी.

"जिंकलीस!" मी म्हटलं. "थांब, चहा टाकते."

मॅव्हिसने ती वडी हातातही घेतली नाही. ती 'नष्ट' या शब्दाकडे बघत होती. मी किटली उचलली, आणि भिंतीपलीकडे कपाटाचं दार उघडलं. फळीवरून हात फिरल्यासारखी खुडबुड झाली. दार मिटलं. पलीकडचं घर कुलूपबंद होतं, किल्ली माझ्यासमोर पडली होती. वारा आहे का म्हणून मी खिडकीबाहेर पाहिलं, पान हलत नव्हतं.

दार पुन्हा उघडलं.

मॅव्हिस उठली आणि तिने भिंतीला तळहात लावला.

"सॉरी, सिरिल," ती म्हणाली. "मी दिली रे त्यांना. फेकून दिली त्यांनी. सॉरी."

हे सॉरी मला खोडता येण्यासारखं नव्हतं. किटली हातात धरून मी तशीच उभी राहिले, आणि दार मिटायची आम्ही दोघी वाट बघत राहिलो.