नाव सांगा

माझा भाऊ डोक्यावर पडला. म्हणजे खरोखरच पडला. एरवी ‘डोक्यावर पडलायस का रे’ हे मी त्याला लहानपणापासून ऐकवत आले, पण या वेळी एका दुकानाची पाटी लावताना तो शिडीवरून थेट फरशीवर आला आणि डोक्यात रक्त साकळलं. वायरमन माणूस. विजेनं कधी काही केलं नाही आणि शिडीनं दगा दिला. काम करताना सतत गुणगुणतो म्हणून घरात आम्ही त्याला भुंग्या म्हणतो. मी माझ्या गावाहून धावतपळत पोचले तोवर ऑपरेशन होऊन गेलं होतं, आणि आमचा भुंग्या गप्प पडला होता.

घशातली नळी काढली तरी तो गप्पच. मोठे डॉक्टर म्हणाले, “जीव वाचलाय. आता जागा कितपत होतो, माणसं ओळखतो की नाही, ते बघायचं.” एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले. ज्याच्या घरचं माणूस असं पडलेलं असतं, त्याला ‘बघायचं’ हा शब्द किती लांबलचक वाटतो ते या लोकांना कुणीतरी शिकवायला हवं.

चादर बदलताना मी त्याच्या पोटावरचे टाके पाहिले. मी शिवणकाम करते. शिवण ताजी की जुनी, हे मला लांबूनही कळतं. ही ताजी होती आणि चांगली वीतभर होती. डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या पोटावर टाके कशाला?

भावजय बाहेर बाकावर बसली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते, तरी मी विचारलंच.

“ताई, ते त्यांच्या कवटीचं हाड आहे,” ती म्हणाली. “मेंदूला सूज आली ना, म्हणून एक तुकडा काढून पोटात ठेवलाय. सूज उतरली की परत बसवणार.”

“कवटीचं हाड पोटात?”

“कातडीखाली. तिथं चांगलं राहतं म्हणे.”

“मला शेंडी लावतेस होय गं? की तुलाच कुणी लावली? किडनीबिडनी तर नाही ना काढून घेतली?”

मग हळूहळू तिनं सगळं सांगितलं. या हॉस्पिटलात म्हणे एक अभ्यास चालला होता. डोकं उघडून रक्त काढल्यावर काही पेशंटचं हाड लगेच परत बसवतात, काहींचं काढून ठेवतात. माणूस कशानं जास्त बरा होतो, हे अजून कुणालाच नक्की माहीत नाही. म्हणून कुणाचं काय करायचं ते चिठ्ठी टाकावी तसं ठरतं. हिनं हो म्हटलं होतं.

चिठ्ठी! माझ्या भावाचं डोकं आणि चिठ्ठी! आमच्या शाळेत वर्गाचा मॉनिटरसुद्धा कधी चिठ्ठी टाकून निवडला नव्हता. यात कुठंतरी पाणी मुरतंय, हे मी तेव्हाच ओळखलं.

त्यात ती अभ्यासवाली. एक किडकिडीत, तरुण डॉक्टरीण रोज सकाळ-संध्याकाळ फक्त या अभ्यासासाठी भुंग्याला तपासायला यायची. ती यायच्या आधी नर्स घाईघाईनं त्याच्या डोक्यावर जाड टोपी चढवायची आणि चादर गळ्यापर्यंत ओढायची. पाहुणे यायच्या आधी आपण पसारा झाकतो, अगदी तसं. मी एकदा मध्येच जाऊन उभी राहिले.

“डॉक्टर, याच्या पोटावर जे—”

तिनं चक्क दोन्ही कानांवर हात ठेवले. “नको, नको! मला सांगू नका. मला ते कळता कामा नये.”

आता बोला! पेशंटला काय केलंय ते डॉक्टरलाच ऐकायचं नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय? वर तपासताना आम्हाला बाहेर काढायची. काचेचं दार लावलेलं, आणि आतून तिचं ओरडणं ऐकू यायचं, “डोळे उघडा! नाव सांगा! माझा हात दाबा!” भुंग्या बहिरा नाही हो, असं मला दारातून सांगावंसं वाटायचं.

एका सकाळी त्याचं अंग पुसताना माझा हात थबकला. मान आणि खांदा यांच्यामध्ये काळंनिळं झालं होतं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नखही काळं पडलं होतं. पडल्यामुळं झालं असेल म्हणावं, तर आदल्या दिवशी ते नव्हतं. खांद्यावरची खूण कसली, हे मला कुणी सांगायला नको. तो चिमटा होता. भुंग्यावर लहानपणी मी या विद्येचा भरपूर सराव केलाय. दोन बोटांत मांस धरून पिळलं की नेमकं असंच दिसतं.

माझ्या निजल्या भावाला कुणीतरी चिमटे काढत होतं. माझं डोकंच फिरलं. नर्सवर संशय आला, चादरी बदलणाऱ्या मावशींवर आला. खरं सांगायचं तर भावजयीवरही आला. तो शुद्धीवर होता तेव्हा दोघांची भांडणं काय कमी व्हायची? ती पेल्यात पाणी ओतत होती आणि मी तिच्या नखांकडे टक लावून पाहत राहिले.

“ताई, माझ्या हाताकडं काय बघताय?”

“काही नाही,” मी म्हटलं. ती समजायचं ते समजली, आणि दुपारभर माझ्याशी बोलली नाही.

संध्याकाळी मी बाहेर गेलेच नाही. शेजारची खाट रिकामी होती, तिच्या पडद्यामागे जाऊन उभी राहिले. अभ्यासवाली आली. नेहमीचं ओरडणं झालं. भुंग्या ढिम्म. मग तिनं खिशातलं पेन काढलं, त्याच्या नखावर आडवं धरलं आणि जोर लावून दाबलं. नंतर त्याच्या खांद्याचं मांस चिमटीत धरलं आणि पिळलं.

मी पडदा ओढून बाहेर आले आणि तिचं मनगट पकडलं. “सापडलीस! लाज नाही वाटत? मेल्यासारखा पडलाय बिचारा, आणि त्याला छळतेस?”

ती दचकली, पण तिनं हात सोडवून घेतला नाही. “छळत नाही, तपासतेय. हाकेला जो उठत नाही त्याला दुखवूनच बघावं लागतं. दुखल्यावर त्याचा हात कुठं जातो, तोंडातून काय येतं, त्यावरून मेंदू किती जागा आहे ते कळतं. घरच्यांना बघवत नाही, म्हणून बाहेर काढतो.”

“आणि ते कानावर हात ठेवणं?”

“कुणाला कोणतं ऑपरेशन झालंय ते मला कळलं, तर माझं मन एका बाजूला झुकेल. ज्याचं चांगलं व्हावंसं वाटतं, त्याचं चांगलंच दिसायला लागेल. म्हणून मला कुणी काही सांगायचं नाही.” मग तिनं मलाच विचारलं, “त्याला दुखू नये असं वाटतं ना तुम्हाला?”

“हा काय प्रश्न झाला?”

“मला रोज वाटतं, याला दुखावं.”

मी मनगट सोडलं. पण विश्वास बसला असं नाही. बोलणाऱ्याचे एरंडही विकले जातात. मी म्हटलं, “उद्या मी समोर उभी राहणार.” ती म्हणाली, “राहा. फक्त डोक्याबद्दल आणि पोटाबद्दल चकार शब्द काढायचा नाही.”

दुसऱ्या दिवशी मी खाटेच्या एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला. टोपी, चादर, सगळं जागच्या जागी.

“डोळे उघडा! नाव सांगा!”

काही नाही. तिनं नख दाबलं. बोट जरासं हललं, आणि तेवढंच. तिनं खांद्याला चिमटा काढला. मीच खांदा आखडून घेतला. भुंग्याचा चेहरा मात्र थंडच. त्या थंड चेहऱ्याची मला जी भीती वाटली, तशी त्या चिमट्याची कधी वाटली नव्हती. याला दुखतच नसेल तर? मग हा आमचा राहिलाच कुठं?

“अजून जोरात,” मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं.

“अहो, बघता काय! पिळा ना! दुखू दे त्याला!”

तिनं पिळलं. भुंग्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याचा हात उचलला गेला, चाचपडत खांद्यापर्यंत आला आणि त्यानं तिची बोटं ढकलून दिली. ओठ हलले.

“ता... ई...”

“नाव सांगा!” अभ्यासवाली त्याच्या कानाशी ओरडली. “नाव सांगा!”

“सांगीन,” भुंग्या म्हणाला. आवाज घोगरा, शब्द जड. “आईला... नाव सांगीन.”

अभ्यासवालीनं मला हळूच विचारलं, “आई आल्यात का बाहेर?”

“आई जाऊन बरीच वर्षं झाली.”

“मग बोलणं अजून गोंधळलेलं आहे,” ती पुटपुटली. पण तिचेही डोळे चमकत होते. “पण बोलले! शब्दाला शब्द जोडून बोलले!”

“गोंधळलेलं?” मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. “अहो, चिमटा काढल्यावर हा जन्मभर हेच म्हणत आलाय. आणि त्याच्या लेखी चिमटा काढणारी मीच, दुसरं कोण काढणार? यात चुकलंय काय?”

दार उघडून मी भावजयीला हाक मारली. ती धावत आली. मी तिचे हात हातांत घेतले आणि म्हटलं, “तुझ्या नखांकडे बघत होते ना, माफ कर गं मला. बोलला तो.” ती खाटेच्या कडेवर बसली आणि त्याच्या तळव्यावर कपाळ टेकून रडायला लागली.

भुंग्या पुन्हा गप्प झाला. डोळे मिटलेलेच. चेहरा परत तसाच होतो की काय, असं मला वाटलं. मी त्याच्या कानाशी वाकले. “सांग ना. आईला नाव सांगणार होतास ना? सांग बघू.”

मी चादरीखाली हात घातला, त्याचा दंड शोधला आणि लहानपणी काढायचे तसाच एक चिमटा काढला. त्यानं हात झटकला आणि खालचा ओठ बाहेर काढला, रडायच्या आधी काढायचा तसा.

मी वर पाहिलं. अभ्यासवाली समोरच उभी होती.

“डॉक्टर, मी आत्ता—”

तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. “मला सांगू नका,” ती म्हणाली.