बिनव्याजी गाडी

पार्लरात दोन खुर्च्या होत्या. खिडकीजवळची ताईची, दाराजवळची भिंगरीची. ताईला सगळेच ताई म्हणत, गिऱ्हाइकंसुद्धा. भिंगरीला मात्र ते नाव ताईनंच दिलेलं, कारण ही बाई एका जागी उभी राहून केस कापूच शकत नसे. खुर्चीभोवती फिरायची, फिरता फिरता बोलायची, बोलता बोलता फोन घ्यायची, आणि तरी केस सरळ कापले जायचे. ताईचं काम निवांत. एका भुवईला ती जेवढा वेळ लावी, तेवढ्यात भिंगरीचं गिऱ्हाईक पैसे देऊन रस्त्याला लागलेलं असे. पण नवरीला सजवायचं म्हटलं की लोक ताईलाच विचारत. तिनं काढलेली डोळ्यातली रेघ नवरी दिवसभर रडली तरी हलत नाही, असं बायका एकमेकींना सांगत.

दोघी एकाच मालकिणीच्या शिव्या खात काम शिकल्या होत्या आणि मग निम्मे-निम्मे पैसे घालून हे दुकान थाटलं होतं. ताईला सख्खी बहीण नव्हती. ती कमतरता तिला कधी जाणवली नाही ती भिंगरीमुळे.

गाडीची कल्पना भिंगरीची.

"तीन पेट्या आणि तो दिव्यांचा आरसा घेऊन लग्नघरी जायला आपण हमालासारख्या टॅक्सी शोधत फिरतो," ती म्हणाली. "स्वतःची गाडी असली तर दुप्पट कामं घेता येतील."

"आणि पैसे?"

"कार्ड काढायचं. पहिलं वर्ष व्याज शून्य! दर महिन्याला दोघींनी आपापला वाटा भरायचा आणि वर्षाच्या आत मोकळं व्हायचं."

"मग काढ की."

भिंगरी क्षणभर एका जागी उभी राहिली. "मला नाही देणार गं. नवऱ्याच्या धंद्याच्या वेळी माझी पत गेली ती गेलीच. तुझं नाव कसं, धुतल्या तांदळासारखं."

ताईचा नवरा लिफ्टा दुरुस्त करायचा. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बँक काय तुमची मावशी लागते? ते मांजर डोळे मिटून बसलंय. झोपलेलं नाही."

"तुम्हाला जिथंतिथं दोर तुटतानाच दिसतो."

"तो दिसावा म्हणूनच पगार मिळतो मला," तो म्हणाला, पण पुढे अडून बसला नाही.

कार्डाचा अर्ज भिंगरीनंच आपल्या फोनवरून भरला. ताईचा फोन जुना, त्यात काही धड उघडत नसे, म्हणून निरोप यायला नंबरही भिंगरीचाच दिला. आपला वाटा ताई दर महिन्याला तिच्या हातात ठेवणार आणि ती फोनवरून दोघींचे मिळून भरणार, असं ठरलं. गाडी घेतली ती सेकंडहँड, वांगी रंगाची. शोरूमवाल्यानं कार्ड मशीनला लावलं आणि कागद ताईच्या नावावर केले. किल्ली मात्र भिंगरीकडे गेली, कारण ताईला गाडी चालवता येत नव्हती.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले. ताई पुढच्या सीटवर मांडीवर ब्रशांची पेटी घेऊन बसायची, भिंगरी समोरच्या प्रत्येक गाडीवाल्याचा उद्धार करायची, आणि हसून हसून ताईच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग हळूहळू बोलावणी कमी झाली. भिंगरी म्हणे, मंदी आहे. कधी तिच्या सासूला दवाखान्यात न्यायचं असे, कधी बहिणीला स्टेशनवरून आणायचं असे. ती गाडी घेऊन जायची आणि ताई दोन्ही खुर्च्यांवरची गिऱ्हाइकं एकटीनं सांभाळायची. वाटा मात्र न चुकता तिच्या हातात ठेवायची.

एकदा औषधाच्या दुकानात तिला एक मुख्याध्यापिका भेटली. हिच्या थोरल्या मुलीला लग्नात ताईनंच सजवलं होतं.

"आता कसा आहे हात?" बाईंनी कळवळून विचारलं.

"कुठला हात?"

"अहो, तुमचा. थरथरतो ना? तुमच्या मैत्रिणीनं सांगितलं. म्हणाली, विचारू नका, तिला वाईट वाटतं. धाकटीचं लग्न आहे रविवारी. तुम्हीच हव्या होतात, पण आता ती एकटीच येणार म्हणाली."

ताईनं औषधाचे पैसे दिले आणि औषध तिथंच विसरून बाहेर आली.

रविवारी ती मुख्याध्यापिकेच्या इमारतीखाली, गाड्या लावतात तिथं जाऊन उभी राहिली. वांगी गाडी आली. भिंगरी उतरली, डिकी उघडली. आत तीन पेट्या, दिव्यांचा आरसा, सगळं जागच्या जागी होतं. ताईला पाहिल्यावर तिचा हात डिकीच्या झाकणावरच राहिला.

"माझा हात कधीपासून थरथरतो गं?"

"ताई, हे बघ, वर नवरी खोळंबलीय..."

"कधीपासून?"

"लोकांना काहीतरी सांगावं लागतं!" भिंगरीचा आवाज चढला. "तू एका चेहऱ्याला अर्धा दिवस लावतेस. तेवढ्यात मी तीन घरं करते. कमाई मात्र निम्मी-निम्मी! किती वर्षं मी तुझ्या पायानं चालायचं?"

"मग तसं म्हणायचं होतंस. तोंडावर म्हणायचं होतंस."

"तुला वाईट वाटलं असतं."

ताईनं डिकीतली ब्रशांची पेटी उचलली आणि लिफ्टकडे चालू लागली. आज नवरीचं तोंड मीच रंगवणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

वर खोलीभर बायका होत्या. मुख्याध्यापिका गोंधळली, पण नवरी आनंदून म्हणाली, "ताई, तुम्ही आलात!" आणि आरशासमोर डोळे मिटून बसली. ताईनं सगळा चेहरा नीट केला. आयलायनर हातात घेतलं. मागे दारात भिंगरी येऊन उभी राहिलेली तिला आरशात दिसली. आणि पापणीवर टेकवायच्या क्षणी तिचा हात हलला. तिनं श्वास घेतला, मनगट दुसऱ्या हातानं धरलं. हात पुन्हा हलला. संतापानं हलत होता तो, दुसरं काही नव्हतं. पण खोलीतल्या बायकांना संताप कुठून दिसणार? त्यांना हात दिसला. कुणीतरी चुकचुकलं.

ताईनं आयलायनर खाली ठेवलं. "रेघ तू ओढ," ती भिंगरीला म्हणाली. "किल्ली दे."

भिंगरीनं काढून दिली.

संध्याकाळी नवऱ्यानं जाऊन गाडी आणली. सोमवारी दोघं बँकेत गेली. काउंटरवरच्या मुलीनं पडद्यावर बघून सांगितलं, गेले काही महिने एक पैसाही भरलेला नाही. हप्ता चुकला की बिनव्याजी सवलत रद्द, तसा नियमच आहे. व्याज कधीच सुरू झालंय.

"पण मी तर देत होते," ताई म्हणाली.

"कोणाला?" मुलीनं साधेपणानं विचारलं.

बाहेर पायरीवर येऊन ताई म्हणाली, "आयुष्यभर दुसऱ्यांचे केस कापले. केसानं गळा कसा कापतात ते आज कळलं." तो हसला नाही. तीही नाही.

गाडी जिथून आली त्याच शोरूमला पडत्या भावात परत गेली. उरलेलं देणं दोघांनी पोटाला चिमटा काढून फेडलं. भिंगरीनं दुकानातला आपला वाटा सोडला आणि त्याच्या बदल्यात सगळं मिटलं असं धरून चालली. आपण दिलेले पैसे कुठे गेले, हे ताईनं विचारलं नाही. नवी लबाडी ऐकायची तिच्यात ताकद नव्हती. दुसऱ्याच आठवड्यात तिचा हात एका गिऱ्हाइकाच्या भुवईवर दगडासारखा स्थिर होता, पण नवरीचं काम घेऊन पुन्हा फारसं कोणी आलं नाही.

दाराजवळच्या खुर्चीवर तिनं एक नवी बाई ठेवली. कामाला चोख, स्वभावानं गोड. वर्षभरानं ती बाई केर काढता काढता म्हणाली, "ताई, शेजारचा गाळा रिकामा झालाय. मी थोडे साठवलेत. निम्मं-निम्मं घालून दुकान वाढवू या का?"

तिच्या चेहऱ्यावर काहीही लपलेलं नव्हतं. ताईनं तरी तिच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "तू आपला पगार घे."

बाईचा चेहरा उतरला. ताईला ते दिसलं, आणि ती कात्र्या पुसायला वळली.