बोंबलाच्या काठ्या आणि प्रांताची तूट

"प्रांताच्या खजिन्यातली तूट भरून काढण्यासाठीच परमेश्वराने मला जन्मास घातले आहे!" गिरगावातले वकील गंगाधरराव गर्जले. तेवढ्यात न्हाव्याने त्यांचं नाक चिमटीत धरून मान वळवली, आणि जन्माचं उरलेलं प्रयोजन नाकातूनच बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी कोटात, म्हणजे फोर्टात, गव्हर्नरच्या कौन्सिलची बैठक होती. दुष्काळ आणि प्लेग यांनी तिजोरीचा तळ उघडा पाडला होता. नवे सभासद म्हणून गंगाधररावांना एका बड्या साहेबाने बाजूला घेतलं होतं. कोळी ज्या काठ्यांवर बोंबील वाळवतात, त्या काठ्यांवर कर बसवावा असं वर घाटत होतं. पण ते एतद्देशीय सभासदानेच सुचवलेलं बरं दिसेल. "तुम्ही अजून रावबहादूर कसे नाही?" असंही साहेब जाता जाता म्हणाला. तेव्हापासून गंगाधररावांची झोप उडाली होती.

भाषणाची तालीम ऐकायला दिवाणखान्यात सगळी गल्ली लोटली होती. शेजारचे रमाकांत सरकारी कचेरीत कारकून. ते म्हणाले, "पगाराला हात लावू नका. कोळ्यांवरच बसवा कर. ते कुठं अर्ज लिहिताहेत!"

"वा! वा!" सगळी गल्ली म्हणाली.

मागीलदारी पाटी धपकन आदळली. वरळीची कोळीण गुणवंती दर मंगळवारी या घरी मासळी घालायची. ती थेट आत आली.

"काठ्यांवर कर? मग वाळू घालू कुठं, वकीलदादा? तुमच्या पागोट्यावर? मी आपली वाळवण मोडते न् माहेरी जाते. पावसात सुके बोंबील लाटसायबाकडून मागवा!"

"ऐकलंत?" आतून गंगाधररावांच्या पत्नी कालिंदीबाई कडाडल्या. "आषाढात कालवण कशाचं करू, तुमच्या भाषणाचं?"

"अगं, पण तूट!"

"तूट आली म्हणून आपण यंदा माथेरानला गेलो नाही. सरकारला कुणी सांगितलंय दर उन्हाळ्यात अख्खी कचेरी महाबळेश्वरी न्यायला?"

गंगाधररावांचे डोळे लकाकले.

"गेली रावबहादुरी!" रमाकांत पुटपुटले, आणि एकदम ओरडले, "अहो, आणि महाबळेश्वरी गेल्याचा माझा डोंगरभत्ता?"

दुसऱ्या दिवशी गंगाधरराव कौन्सिलात बोलायला उठले. काठ्यांचं भाषण त्यांनी खिशात कोंबलं.

"ही तूट बोंबलाने केलेली नाही! उन्हाळा रयत सोसते, सरकारनेही इथेच बसून सोसावा!"

वार्ताहरांच्या पेन्सिली मोडल्या. एका पारशी सभासदाने मेज बडवलं. तो बडा साहेब टोमॅटोसारखा लाल झाला. कौन्सिलात तेव्हा बजेटवर बोलता येई, मत देता येत नसे. पण ज्याने सुचवायचा त्यानेच गिळलेला कर आता बसवणार कोण? बाहेर पायरीवर थांबलेल्या गुणवंतीला पट्टेवाल्याने कर टळल्याची खूण केली. तिने अशी काही हाळी दिली की आत शाईच्या दौती थरथरल्या.

अध्यक्षस्थानचे साहेब उठले.

"माननीय सभासदांचं भाषण आम्ही लक्षपूर्वक ऐकलं. एकच विनंती आहे. त्यांनी आपली खुर्ची जरा पुढे सरकवावी. मागच्या दारातून महाबळेश्वरच्या पेट्या न्यायच्या आहेत."