राखाडी कोटातली पाठ

"तीन तास दहा मिनिटं," भाची मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली. "आतल्या गोटातली बातमी आहे."

"काल पावणेतीन होते," मावशीने कॉलरवरून इस्त्री फिरवली. "तुमचा गोट रोज हलतो बाई."

लॉन्ड्रीच्या काउंटरवर भाची बसायची आणि मागच्या टेबलाशी मावशी इस्त्री करायची. गुप्तहेराचा तो सिनेमा यायला अजून दोन महिने होते, पण लोकांना दम कुठला? सिनेमा किती लांबीचा, हेराचा आधीच्या भागातला काळा कोट कुठे गेला, हा राखाडी कुठून आला, यावरून कधी न भेटलेली माणसं एकमेकांच्या उरावर बसत होती. टीझरमध्ये तो कोट क्षणभरच दिसायचा. ओला पूल, पाठमोरा माणूस आणि डावा पाय किंचित ओढत चालणं. चाहत्यांनी त्याचं नावच 'राखाडी' ठेवलं होतं.

भाचीने टीझर पहिल्यांदा दाखवला, तेव्हा मावशीची इस्त्री जागच्या जागी राहिली आणि गिऱ्हाइकाचा शर्ट जळला. नवऱ्याची पाठ बायको ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

तो नटांचा डमी होता. जन्मभर दुसऱ्याच्या कपड्यांत पडला, पोळला, उड्या मारल्या. तोंड कधी कुणाला दिसलं नाही. एका पडण्यात गुडघा गेला तो गेलाच. घरी लंगडायचा, कॅमेऱ्यासमोर मात्र नाही. पुलाचं काम करून आला त्या दिवशी दारातच म्हणाला, "आज पाय लपवता आला नाही. शेवटच्या टोकापर्यंत चाललो खरा, पण कापतील बघ." महिनाभरात झोपेतच गेला.

घरात त्याचा एकही व्हिडिओ नव्हता. "दिवसभर कॅमेराच असतो, घरी तरी सुखाने खाजवू दे," म्हणायचा. मागे राहिलं ते जिन्यातलं पाऊल. तिन्हीसांजेला अजूनही वाजायचं, एक टेकलेलं, एक ओढलेलं. मावशी आपली कडी काढून ठेवायची. भीती वाटायची, आणि वाजलं नाही तर जास्त वाटायची. सांगायचं कुणाला? लोक म्हणाले असते, हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

म्हणून तिला सिनेमा लांबलचक हवा होता. लांब असला तर पूल राहील, आणि तो त्या टोकापर्यंत चालताना एकदा डोळे भरून दिसेल. एवढंच तिचं मागणं होतं.

"सांगून टाकू का सगळ्यांना, हे आमचे काका आहेत म्हणून?"

"खबरदार. यांनी जन्मभर तोंड मिटून काम केलं. तू बोभाटा करू नकोस."

"मग भांडू तरी दे."

भाची भांडली. तिने लिहिलं, हेराला गोळी लागली आहे, लंगडणं हाच खरा धागा, पूल कापला तर सिनेमात राम नाही. ते वाऱ्यासारखं पसरलं. लोक टीझर थांबवून थांबवून कोटाच्या खिशाखालचा रक्ताचा डाग एकमेकांना दाखवू लागले.

"रक्त कसलं? चहा आहे तो," मावशी म्हणाली. "यांनी सांडला होता. कपडेवाला केवढा ओरडला यांच्यावर." आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

मग एक दिवस बातमी आली. सिनेमा दोन तास दहा मिनिटांचाच. मावशीने इस्त्री बाजूला ठेवली.

"पूल?"

"आहे म्हणतात. लंगडणंसुद्धा आहे. लोकांना आवडलं म्हणून मुद्दाम ठेवलंय."

त्या दिवशी मावशी इस्त्री करताना चक्क गुणगुणत होती.

पहिल्याच दिवशी दोघी दुपारच्या खेळाला गेल्या. मावशीने ठेवणीतले कपडे घातले होते. पूल आला. राखाडी कोट, ओढलेला पाय. पाऊल तेच, इतकं तेच की मावशी खुर्चीतून अर्धी उठली. पण खांदे? हे खांदे कुणाचे? तेवढ्यात तो माणूस वळला. हिरो होता. थिएटरभर शिट्ट्या झाल्या.

"सीन परत काढलाय गं," भाची पुटपुटली. "माझ्यामुळे झालं हे. मी तसं लिहिलं नसतं तर..."

"तू कशाला वाईट वाटून घेतेस?" मावशी खाली बसली. "चांगला चाललाय. शिकून घेतलंय पोराने. माणूस काढला आणि दुखणं तेवढं ठेवलं."

भाची सोबतीला घरी आली. तिन्हीसांज झाली आणि जिन्यात पाऊल वाजलं, एक टेकलेलं, एक ओढलेलं. मावशी हलली नाही. पण भाचीने मान वर केली.

"मावशी, कोण येतंय गं?"

आजवर तो आवाज दुसऱ्या कुणालाही ऐकू आला नव्हता. तिने उठून दार उघडलं.

वरच्या मजल्यावरचे हिशेबनीस होते. खांद्याला ऑफिसची बॅग, अंगात करडा रेनकोट. स्वारी सिनेमा बघून आली होती आणि एक पाय ओढत, स्वतःशीच हसत चढत होती. मावशीला बघून ते ओशाळले आणि त्यांनी पाय सरळ केला.

"काही नाही वहिनी, असंच आपलं."

"असू द्या," मावशी म्हणाली. "चाला तसेच. फक्त कठडा धरा, वरची पायरी निसरडी आहे."

हिशेबनीस गोंधळले, पण वहिनी दारातून हलेनात, तेव्हा कठडा धरून पुन्हा पाय ओढत निघाले. पाऊल वाजत वाजत वर गेलं. वरचं दार उघडलं, मिटलं.

मावशी आत आली आणि तिने कडी लावून घेतली.